स्थळांचा लळा : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

महानुभाव पंथाच्या वाङ्मयात ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ आहे. साधारण चौदाव्या शतकातल्या या गद्य ग्रंथात पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी जिथे जिथे वावरले त्या जागांची नोंद आहे. देवळाचं दार कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या अंगाला स्वामींचं आसन होतं, मुक्काम कुठे पडला, आरोगणा (भोजन) कुठे झाली, असं सगळं त्यात बारकाईने सांगितलं आहे. स्वामी निघून गेल्यावर शिष्यांनी त्यांच्या लीळा जपल्या आणि म्हाइंभटांनी माणसं गाठून, विचारून त्या एकत्र केल्या. लीळा आठवायची तर जागा आठवावी लागते आणि जागेवर उभं राहिलं की लीळा आठवते, हे या मंडळींनी जाणलं होतं. त्यांतल्या कित्येक स्थानांवर आज ओटे आहेत आणि भाविक तिथे माथा टेकवतात. माणूस आणि स्थळ यांच्या नात्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी वाचकाला आपल्या दाराशीच असा भक्कम आधार आहे.

विद्यापीठीय शिस्त म्हणून हा विषय गेल्या साठेक वर्षांत आकाराला आला. बोस्टन शहरातली वेस्ट एंड ही श्रमिकांची वस्ती ‘सुधारणे’च्या नावाखाली पाडली गेली, तेव्हा तिथून उठवलेल्या लोकांचा अभ्यास मार्क फ्राइड यांनी केला. त्यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. जवळचं माणूस गेल्यावर व्हावा तसा शोक या लोकांना घरासाठी, गल्लीसाठी झाला होता, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे चीनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे भूगोलवेत्ते यी-फू तुआन यांनी ‘टोपोफिलिया’ (१९७४) आणि ‘स्पेस अँड प्लेस’ (१९७७) ही पुस्तकं लिहिली. अनुभवाने आणि अर्थाने भरली की नुसती मोकळी जागा ‘स्थळ’ होते, हा त्यांचा विचार या क्षेत्राचा पाया ठरला. आपल्याकडे इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली.

स्थळाचा हा लळा लागतो कसा? आधी तो अंगात भिनतो. विहिरीची कुठली पायरी निसरडी आहे, हे अंधारातही पावलाला कळतं. मग तो बोलण्यात उतरतो. शिवारातल्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं आणि त्या नावामागे एखादी हकिकत असते. शेवटी तो नात्यांत गुंततो. कुणाच्या ओट्यावर बसायचं, पालखी कुणाच्या दारात थांबणार, अडीनडीला कुणाला हाक मारायची, हे सगळं जागेशी बांधलेलं असतं. म्हणूनच या ओढीला केवळ भावना समजणं अपुरं आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या साठलेली जाण आहे आणि माणसाचं रोजचं जगणं तिच्यावर चालतं.

किल्लारीच्या भूकंपानंतर हे फार ठळकपणे दिसलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. घर किती मोठं मिळणार हे जमीनधारणेवरून ठरलं : २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. रस्ते रुंद आणि सरळ आखले गेले, घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली. हे काम मोठं होतं आणि त्याचं मोल कमी लेखू नये. पण भावकी आणि शेजार यांची जुनी वीण अनेक ठिकाणी उसवली. बोळ, चौक आणि वाड्याच्या भिंतीआडचा खाजगीपणा गेला. लोकांनी मग घरांना शेड जोडल्या, कुंपणभिंती घातल्या आणि मिळालेल्या घराला आपल्या जगण्याचं वळण दिलं. निवारा बांधून देता येतो. त्याचं गाव मात्र राहणाऱ्यांनाच करावं लागतं, आणि त्यासाठी आराखड्यात जागा सोडावी लागते.

तरीही गावाच्या ओढीचं नुसतं गुणगान करणं हा अभ्यास नव्हे. गाव सगळ्यांना सारखा लळा लावत नाही. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, ज्यांना पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्यासाठी तेच गाव अपमानाची आठवण असते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, ती याच अनुभवातून. आणि अर्थ नव्याने घडवता येतो, हेही त्यांच्याच चळवळीने दाखवलं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर ते तळं समतेच्या हक्काचं स्थळ झालं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर नागपूरची दीक्षाभूमी लाखोंची झाली. तिथे दरवर्षी येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घर वा शेत तिथे नाही, तरी ती जागा त्यांची आहे. वारसाने मिळालेल्या स्थळाइतकंच संघर्षाने मिळवलेलं स्थळही माणसाला धरून ठेवतं.

या क्षेत्रात येणाऱ्याला भूगोल, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, वास्तुरचना, लोकसाहित्य अशा अनेक वाटा खुल्या आहेत. वाट कुठलीही घ्या, पण आपल्या वस्तीपासून सुरुवात करा. शेतांची, पाणवठ्यांची, चौकांची नावं लिहून घ्या आणि ती कुणी ठेवली ते विचारा. सासरी आलेल्या बाईला, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला, भाड्याच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारा : तुमची जागा कोणती? उत्तरं वेगवेगळी येतील, आणि त्या वेगळेपणातच या शास्त्राचं काम आहे. धरणं, महामार्ग आणि इमारतींचे पुनर्विकास यांच्या या काळात कुणाला तरी रोज जागा सोडावी लागते आहे. मोबदल्याच्या तक्त्यात चौरस फूट असतात, झाडं मोजलेली असतात. माणसांचं काय जाणार आहे हे नेमक्या शब्दांत त्या तक्त्याशेजारी मांडणारे अभ्यासक आपल्याला हवे आहेत.