फोटोच्या मागे नाव लिहा

सन १६०५. अकबर बादशहा वारल्याची बातमी जौनपूरला पोचली आणि गावात एकच घबराट उडाली. दुकानांना कुलपं लागली. घरांची दारं आतून बंद झाली. दागिने, हुंड्या, रोकड जमिनीत पुरली गेली. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवले, पुरुषांनी चांगले कपडे टाकून जाडेभरडे घातले, म्हणजे श्रीमंत कोण आणि गरीब कोण हे कुणाला ओळखू येऊ नये. काही दिवसांनी आग्र्याहून पत्र आलं की शहजादा सलीम, म्हणजे जहांगीर, तख्तावर बसला आहे. तेव्हा कुठे बाजार उघडला.

बादशहा गेला आणि नवा आला, एवढं कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात सापडेल. पण त्या दिवसांत एका गल्लीतली माणसं घरात बसून काय करत होती, हे आपल्याला कळतं ते बनारसीदास नावाच्या जैन व्यापाऱ्यामुळे. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. बातमी ऐकली तेव्हा जिन्यावर बसले होते, चक्कर येऊन खाली पडले आणि डोक्याला खोक पडली. पुढे १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपली सगळी हकीकत पद्यात लिहून काढली. माणसाचं आयुष्य एकशेदहा वर्षांचं धरलं तर ही निम्मीच कथा झाली, म्हणून नाव ठेवलं ‘अर्धकथानक’. भारतीय भाषांतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून आज जाणकार त्याच्याकडे बोट दाखवतात.

त्यात लढाया फारशा नाहीत. धंद्यात आलेली खोट आहे. आग्र्यातला एक कचोरीवाला आहे. हातात पैसा नसताना बनारसीदास कित्येक महिने त्याच्याकडे उधारीवर जेवले. सासुरवाडीला गेल्यावर बायकोने गुपचूप साठवलेले वीस रुपये त्यांच्या हातात ठेवले आणि मग आईच्या कानावर घातलं. त्या माऊलीनेही दोनशे रुपये काढून दिले. मैत्रिणींनो, डाळीच्या डब्यात नोटा लपवणाऱ्या आपल्या आज्या यापेक्षा काय वेगळ्या होत्या? चारशे वर्षांपूर्वी एका घरातल्या बायकांच्या चोरपैशावर एका माणसाचा व्यापार पुन्हा उभा राहिला, हाही इतिहासच आहे. तो टिकला कारण कुणीतरी तो लिहिला.

तोंडची गोष्ट कागदावर उतरवण्याचं महत्त्व आपल्याला नव्याने सांगायला नको. श्रुतपंचमीला आपण शास्त्राची पूजा करतो ती त्याचसाठी. गुरूकडून शिष्याकडे स्मरणानेच चालत आलेलं ज्ञान आता विसरलं जाणार, ही काळजी गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना लागली. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून घेतलं आणि जवळचं होतं ते शिकवलं. त्या दोघांनी षट्खंडागम रचला. ग्रंथ पूर्ण झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा, असं परंपरा सांगते. पुढे शतकानुशतकं त्याची ताडपत्रं मूडबिद्रीला जपली गेली. तो छापला जायला मात्र १९३९ साल उजाडलं. डॉ. हिरालाल जैन यांनी आपल्या अमरावतीहून पहिला भाग काढला.

शास्त्राची आणि आजीच्या गप्पांची बरोबरी मी करत नाही. पण धरसेनाचार्यांची काळजी समजून घेण्यासारखी आहे. ज्याच्या डोक्यात गोष्ट आहे तो म्हातारा झाला आहे, आणि विचारायला कुणी आलेलं नाही.

अशीच काळजी वाटून आपल्याकडे अलीकडे जी कामं झाली त्यांतलं एक मोठं काम मुंबईच्या गिरणगावचं. परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत शंभर वर्षांहून अधिक काळ कापडगिरण्या धडधडत होत्या. कोकणातून, साताऱ्याहून, आपल्या सांगली-कोल्हापूरकडूनही माणसं तिथे गेली. एकेका खोलीत दहा-पंधरा गडी राहायचे आणि पाळीप्रमाणे झोपायचे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, माणसं तेवढी पांगली. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे मनोरे उभे राहिले.

चिमणी पाडली की ती जागा ओळखू येत नाही. हे डोळ्यांसमोर घडत असताना मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघीजणी चाळीचाळींतून फिरल्या आणि लोकांना बोलतं केलं. गिरणीत खपलेले, युनियनमध्ये वावरलेले, शाहिरी करणारे, घर चालवणाऱ्या बायका, सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्यातून २००४ मध्ये ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक आलं. शंभर वर्षं, शंभर आवाज. राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकाराने त्याला प्रस्तावना लिहिली. गिरणीमालकांच्या कागदांत कापडाचे वार सापडतात, सरकारी कागदांत संपाचे दिवस सापडतात. घरात चूल कशी पेटत होती, हे विचारायला मात्र माणसाकडेच जावं लागतं.

त्या चुलीचंच उदाहरण घ्या. बायको-पोरं गावाकडे ठेवून आलेले हजारो कामगार जेवायचे कुठे? खानावळवालीकडे. एक बाई आपल्या छोट्याशा खोलीत रोज वीस-वीस माणसांना दोन वेळा जेवू घालायची, पैसे पगाराला. संप झाला की तिचेही पैसे बुडायचे, पण कामगारांच्या यादीत तिचं नाव कुठेच नसायचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे या बायका कागदावर आल्या. तोवर शहराचं पोट त्यांच्या हातावर चाललं होतं आणि त्यांची नोंद नव्हती.

नोंद नसणं हे बायकांच्या बाबतीत नेहमीचंच. म्हणून बायकांनीच पुढे होऊन ती केली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बाबासाहेबांच्या चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडून हकीकती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. हेमा रायरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या! गाणारीचं नाव आणि गाव त्यांनी जपून नोंदवलं, आणि आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर आपण त्या ओव्या गाणाऱ्या बाईंच्याच आवाजात ऐकू शकतो. मुंबईत १९८८ पासून ‘स्पॅरो’ ही संस्था स्त्रियांचे आवाज, फोटो आणि कागद जपते आहे. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी या तिघींनी ती उभी केली. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. घराघरांतले जुने फोटो आणि प्रत्येक फोटोमागची गोष्ट तिथे एकत्र मांडली जाते. त्या गोष्टीवाचून तो फोटो म्हणजे खुर्चीत बसलेले अनोळखी आजोबा आणि मागे उभी अनोळखी बाई, एवढंच.

आता आपल्या घराकडे येऊ या. आपल्या मंदिरात, बोर्डिंगात, पाठशाळेत जुने फोटो आहेत. पंचकल्याणकाचा फोटो असतो, महाराजांच्या चातुर्मासाचा असतो. पुढच्या रांगेतल्या पंच मंडळींची नावं खाली व्यवस्थित छापलेली असतात, डावीकडून उजवीकडे. मागे डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या बायकांची नावं मात्र नसतात. चार महिने पहाटे उठून, सोवळ्यात पाणी आणून, ज्यांनी चौका लावला त्या याच. आज त्यांना ओळखणाऱ्या दोन-तीन आज्या गावात असतील. दहा वर्षांनी कुणी नसेल.

आणि कधीकधी दहा वर्षंही मिळत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गादी, धान्य, फ्रीज यांची भरपाई पुढेमागे झाली असेल. लग्नाचे अल्बम चिखलात गेले ते गेलेच. नदीकाठच्या आपल्या कितीतरी घरांत आज आजीचा एकही फोटो शिल्लक नाही. जिथे पूर नाही तिथे जुना वाडा पाडून अपार्टमेंट होते आहे, आणि माळ्यावरची ट्रंक भंगारात जाते आहे.

म्हणून हे काम आपणच करायचं आहे. त्याला पदवी लागत नाही. दुपारची कामं उरकली की फोन घ्या आणि गल्लीतल्या सर्वांत वयस्कर काकूंकडे जा. ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं तर त्या म्हणतील, ‘माझं काय मेलीचं सांगण्यासारखं!’ त्याऐवजी वस्तू विचारा. पाणी कुठून आणत होता? पिठाची चक्की गल्लीत कधी आली? सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं तर वीज नसताना शेतावरून येणाऱ्यांचं कसं जमवायचात? पर्युषणात कुणाच्या अंगणात बायका जमायच्या? बांगड्या भरायला कोण यायचं? बाळंतपण कोणी केलं? या प्रश्नांतून कासार येतो, सुईण येते, शेजारच्या मुसलमानाची अम्मा येते, दळण नेणारा पोऱ्या येतो. गल्ली एका समाजाची कधीच नव्हती, तिचा इतिहासही तसा लिहू नये.

घरातली भांडी काढा. पितळेच्या घागरीवर, ताटावर नावं कोरलेली असतात, कधी तिथी असते, कधी ‘अमुकच्या लग्नात तमुककडून’ असं असतं. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, ते कधीकधी तिच्या तांब्यावर सापडतं. मोडीत घालण्याआधी निदान फोटो काढून ठेवा. लग्नपत्रिका, किराण्याच्या वह्या, लोणच्या-पापडांची प्रमाणं लिहिलेली डायरी, हेही सगळं त्याच पेटीत.

फोटोंचं थोडं व्यवहाराचं. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर चिठ्ठीवर लिहून फोटोसोबत कागदी पाकिटात ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट मोबाइलवर टिपा. खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, आणि मागची बाजूही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहरे पुसट होतात. आणि देव न करो, फोटो पुराच्या पाण्यात भिजलेच, तर वाळून एकमेकांना चिकटायच्या आत स्वच्छ गार पाण्यात हलकेच खंगाळा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. फडक्याने पुसायचे नाहीत.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. एक, दोन आज्या एकच प्रसंग दोन तऱ्हेने सांगतील. एक म्हणेल विहीर आमच्या सासऱ्यांनी खणली, दुसरी म्हणेल पंचांनी. तिथे न्यायनिवाडा करायला बसू नका. दोन्ही लिहा, कुणी सांगितलं ते लिहा. अनेकांत आपण स्वाध्यायात शिकतो, तो इथे उपयोगाला येतो.

दुसरी जास्त नाजूक आहे. बोलता बोलता आजी असं काही सांगतील जे घराला नको आहे. बालपणी आलेलं वैधव्य, शाळेतून काढलेलं नाव, भावांना लिहून दिलेला हिस्सा. तेव्हा फोन बंद करून विचारा, ‘आजी, हे ठेवू की नको?’ त्या नको म्हणाल्या तर पुसून टाका. आठवण त्यांची आहे. पण त्या ठेव म्हणाल्या, तर मग सुनेला किंवा मुलाला कसं वाटेल म्हणून आपण गाळू नका. सत्तर वर्षं गप्प बसलेल्या बाईने एकदा तोंड उघडलं आहे. गोडगोड आठवणीच तेवढ्या ठेवल्या तर ते कौतुक होईल, इतिहास होणार नाही.

जमलेलं सगळं एका घरात ठेवू नका. एक प्रत मंदिराच्या ग्रंथालयात, एक गावच्या वाचनालयात आणि एक परगावी राहणाऱ्या लेकीकडे असू द्या. आपल्या पूर्वजांनीही ग्रंथांच्या प्रती करून गावोगावच्या भांडारांत ठेवल्या, म्हणून एक भांडार गेलं तरी ग्रंथ राहिला.

चातुर्मासात दुपारी बायका मंदिरात जमतातच. एखाद्या दुपारी स्वाध्याय आटोपल्यावर तो भिंतीवरचा जुना फोटो खाली उतरवून घ्या. चष्मा पुसून आज्यांच्या हातात द्या आणि मागच्या रांगेपासून विचारायला सुरुवात करा: ही कोण?