इंदूर पद्धतीवरचे दुसरे नाव

सेंद्रिय शेतीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंग्लंडपासून सुरुवात करतात आणि अल्बर्ट हॉवर्ड यांना तिचे जनक ठरवून मोकळे होतात. मला ही हकीकत इंदूरपासून सांगावीशी वाटते. ज्या कंपोस्ट पद्धतीमुळे हॉवर्ड जगाला माहीत झाले, ती होळकरांच्या या राजधानीत घडली आणि तिच्यावरच्या १९३१च्या मूळ पुस्तकावर दोन लेखकांची नावे आहेत. दुसरे नाव यशवंत वाड यांचे. इंदूरच्या संस्थेत ते रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक होते. आडनाव मराठी कानाला ओळखीचे आहे, तरी सेंद्रिय शेतीवरच्या मराठी लेखनात ते मला क्वचितच भेटते.

हॉवर्ड १९०५मध्ये बिहारमधल्या पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रातल्या जाणकार. दोघांनी मिळून गव्हाचे नवे वाण काढले. पण माती उपाशी असेल तर चांगले बियाणेही फार काही देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९२४मध्ये इंदूरला नवी संस्था उभी राहिली, ती मध्यवर्ती कापूस समितीच्या पैशावर आणि दरबाराने दिलेल्या जमिनीवर. समितीला कापूस सुधारून हवा होता. हॉवर्डनी आधी मातीला हात घातला.

त्यांना दिसले ते असे : शेणाचा मोठा वाटा गोवऱ्या होऊन चुलीत जातो, मूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरते आणि पिकाचा काडीकचरा वाया जातो. इंदूरला या तिन्हींची सांगड घातली गेली. कापसाच्या कडक पळकाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, मग इतर काडीकचऱ्याबरोबर बैलांखाली अंथरायच्या. ते अंथरूण, थोडे शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख असे थर ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद खड्ड्यात रचायचे. पाणी द्यायचे, तीनदा वरखाली करायचे. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होते आणि त्याला शेणही कमी लागते.

यात परंपरेचा वाटा मोठा होता. आपला उकिरडा होताच. चीन-जपानच्या शेतकऱ्यांच्या रीतीही एफ. एच. किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाच्या १९११च्या पुस्तकामुळे माहीत झाल्या होत्या. इंदूरने त्यात मोजमाप आणले. ढिगाची उष्णता किती चढते, ओल किती हवी, कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण कुजताना कसे बदलते, हे तपासले गेले. हे काम रसायनशाळेचे होते. म्हणून वाडांचे नाव पुस्तकावर सौजन्यापोटी आले असावे, असे मला वाटत नाही. हॉवर्ड १९३१मध्ये इंग्लंडला परतले. त्यानंतर, १९३४मध्ये, एफ. के. जॅक्सन यांच्यासह वाडांनी वस्तीतला मैला आणि केरकचरा याच पद्धतीने कुजवण्यावर पुस्तिका लिहिली.

पुढे ही पद्धत चहा-कॉफीच्या मळ्यांत भराभर पसरली : आसाम, सिलोन, केनिया, कोस्टा रिका. तिथे खड्डे भरायला आणि उलटायला रोजंदारीचे मजूर होते. जिच्या गोठ्यावर ती बेतली होती, त्या छोट्या शेतकऱ्याला मात्र ते श्रम अंगावर घ्यावे लागत होते.

स्वातंत्र्यानंतर १९५१मध्ये सिंद्रीच्या कारखान्यातून अमोनियम सल्फेट येऊ लागले. १९६०च्या दशकात मेक्सिकोचे बुटके गहू आले. खताचा मोठा डोस देऊनही ते आडवे पडत नसत आणि धान्य भरघोस देत. देशाचे पोट त्यावर भरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बुटक्या गव्हाने काडही कमी दिले, ट्रॅक्टरने बैल हटवले आणि गोठा रिकामा झाला. मालव्यात १९७०च्या दशकापासून सोयाबीन पसरले. हार्वेस्टरमागे उरलेली गव्हाची खुंटे, तिथल्या भाषेत नरवाई, पेटवून देणे सोयीचे झाले. जे अंथरूण खड्ड्यात जायचे ते धूर होऊन जाऊ लागले.

युरियाची ४५ किलोची गोणी आज पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, कारण उरलेला खर्च सरकार सोसते. स्फुरद आणि पालाश त्यामानाने महाग, म्हणून नत्राचा मारा गरजेपेक्षा जास्त होतो. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरते किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. शेतकऱ्याचा हिशेब मात्र चुकलेला नाही. गोणी खांद्यावर एकदा घ्यावी लागते, खड्डा तीनदा उलटावा लागतो.

इंदूर शहरात आता ओला कचरा वेगळा घेतात. २०२२मध्ये तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत करणारा प्रकल्प सुरू झाला. कचरा कुजवून खत करायचे, हे वाडांच्या १९३४च्या पुस्तिकेचेच सूत्र. २०२३पासून अशा वायुप्रकल्पांतून निघणाऱ्या सेंद्रिय खतावर टनाला १,५०० रुपयांचे साहाय्यही मिळते. ते स्वागतार्हच आहे. पण ते प्रकल्पाच्या खतासाठी आहे. बांधावर स्वतःचा खड्डा भरणाऱ्या बाईच्या मजुरीचा हिशेब त्यात नाही.

सेंद्रिय शेती म्हणजे पूर्वजांकडे परत जाणे, असे म्हटले की मला इंदूरची आठवण करून द्यावीशी वाटते. ती पद्धत मोजून-मापून उभी केलेली होती आणि तिला शेण व पाण्याइतकीच माणसांच्या श्रमाची गरज होती. त्या श्रमाचे मोल आपण इतिहासात नोंदवले नाही आणि धोरणातही धरले नाही. युरियाच्या प्रत्येक गोणीमागे सरकार पैसे मोजते. शेतावरच्या कंपोस्टच्या गाडीमागे ते का मोजू नये, हा प्रश्न इंदूरच्या खड्ड्यांनी आपल्यापुढे ठेवलेला आहे.