कार्यप्रणालीचें ओझें

डहाणूचा समुद्रकांठ आणि चिकूच्या बागा मागें टाकून तलासरीकडील डोंगराळ भागांत शिरलें म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरील रेघा एकेक करून गळूं लागतात. कित्येक वारली पाड्यांवर जाळें सांपडावें म्हणून एखाद्या टेकाडावर जाऊन उभें राहावें लागतें. अशा ठिकाणच्या फोनवर एके दिवशीं सूचना उमटते, कीं ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे यंत्राच्या मूळ कार्यप्रणालीची, नवी आवृत्ति तयार आहे. आकार अमुक गिगाबाइट. ज्याच्या वांट्याला दिवसाकांठीं दीड गिगाबाइट येतें, त्याला हा आकडा म्हणजे दोन-तीन दिवसांचा शिधा. कालपर्यंत जें यंत्र नीट चालत होतें, त्यांत असें काय बिघडलें कीं तें सुधारण्यास एवढें ओझें उतरवून घ्यावें? प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरासाठीं ऐंशी वर्षें मागें जावें लागतें.

प्रारंभीं संगणकाची दुरुस्ति खरोखरच ठिगळाएवढी असे. हार्वर्ड विद्यापीठांत १९४४ सालीं काम करूं लागलेल्या ‘मार्क वन’ या यंत्रास कागदी पट्टीवर भोंकें पाडून आज्ञा देत, आणि एखादें भोंक चुकलें तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. दुरुस्तीस आजही ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असेंच म्हणतात. १९९५ सालीं ‘विंडोज ९५’ फ्लॉपीवर घेणाऱ्यास तेरा चकत्या पुरत. त्या सर्वांचा मजकूर पंचवीस मेगाबाइटांच्या आंत होता. चकत्यांची संख्या वाढूं नये म्हणून मायक्रोसॉफ्टनें १.४४ मेगाबाइटच्या चकतींत १.६८ मेगाबाइट बसविण्याची युक्ति योजिली होती. ही काटकसर कां? कारण प्रत्येक चकतीचा खर्च कर्त्याच्या पदरीं पडत होता. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम आहे.

मग ओझें वाढलें कसें? त्यांत एक लहानसा वांटा आपलाही आहे. १९९१ सालीं ‘युनिकोड’ ही अक्षरसंकेतांची जागतिक व्यवस्था प्रथम प्रसिद्ध झाली, तींत देवनागरी होती. परंतु मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालींत तिला घर मिळालें तें ‘विंडोज २०००’ मध्यें; आणि त्या घरांतील ‘मंगल’ हा टंक मुंबईचे अक्षरतज्ज्ञ प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा होय. तरीही ‘ॲ’ हें अक्षर, ज्यावांचून मराठींत ‘ॲप’ हा शब्दही धड लिहितां येत नाहीं, युनिकोडांत स्वतंत्रपणें आलें तें २००८ सालीं. रुपयाचें चिन्ह भारत सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें, आणि त्याच वर्षीं त्यालाही तेथें जागा मिळाली. घरोघरच्या जुन्या यंत्रांपर्यंत अशीं चिन्हें पोंचतात तीं अपडेटांच्या द्वारेंच. जगांतील नानाविध लिपि, चित्रें, ध्वनि, तऱ्हेतऱ्हेच्या उपकरणांशीं बोलणारे कार्यक्रम, सुरक्षिततेचीं कुलुपें, हें सारें सर्वांसाठीं एकत्र बांधलेलें असतें. तलासरीच्या फोनला जपानी अक्षरांची गरज क्वचितच पडत असेल. पण टोकियोच्या फोनला तरी देवनागरीची कितीशी पडते?

परंतु एवढ्यानें शंका फिटत नाहीं. सामान सगळें घरांत आधींच आहे. मग बदललें तेवढेंच कां पाठवीत नाहींत? चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला कशासाठीं? कुडाच्या घराला गळती लागली तर तेवढ्या जागेपुरतें गवत घालून भागतें. कार्यप्रणालीचें घर तसें नव्हे. तिच्या एकेका विटेवर दुसऱ्या विटांचे पत्ते लिहिलेले असतात. मध्यें एक वीट वाढविली कीं पुढील विटांच्या जागा सरकतात आणि हजारों पत्ते बदलतात. २००९ सालीं गूगलच्या अभियंत्यांनीं आपल्या ‘क्रोम’ ब्राउझरच्या एका अपडेटाचा हिशेब प्रसिद्ध केला. संपूर्ण अपडेट १,०३,८५,९२० बाइटांचा होता. फरक काढण्याच्या प्रचलित पद्धतीनें तो ७,०४,५१२ वर आला. आणि पत्त्यांचें हें सरकणें ओळखणाऱ्या त्यांच्या ‘कुर्जेट’ पद्धतीनें अवघ्या ७८,८४८ वर! म्हणजे खरा बदल शंभरांत एक भागाहूनही कमी होता.

मात्र फरक पाठवावयाचा तर समोरच्याजवळ आधीं नेमकें काय आहे, तें ठाऊक पाहिजे. कोणी महिन्यापूर्वींच्या आवृत्तीवर असतो, कोणी दोन वर्षांपूर्वींच्या. प्रत्येकासाठीं निराळें ठिगळ शिवणें आणि तें पारखून घेणें कर्त्यास परवडत नाहीं. म्हणून २०१५ च्या ‘विंडोज १०’ पासून मायक्रोसॉफ्टनें मागील दुरुस्त्या प्रत्येक वेळीं नव्या गाठोड्यांत पुन्हां बांधण्याची रीत पाडली. ॲपलनें २०२० च्या ‘बिग सर’ मध्यें प्रणालीच्या सबंध विभागावर एक गणिती मोहोर उठविली. एक अक्षर बदललें तरी ती फुटते. त्या आवृत्तीचें गाठोडें सुमारें १२ गिगाबाइटांचें, म्हणजे त्या तेरा चकत्यांच्या पांचशें पटींहून अधिक होतें.

तेव्हां हा मोठेपणा केवळ उधळेपणा नव्हे. तें बव्हंशीं खात्रीचें मोल आहे. आणि ती खात्री अनाठायीं नाहीं. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका छिद्राची दुरुस्ति प्रसिद्ध केली. ज्यांनीं ती घेतली नव्हती, अशा दोन लाखांहून अधिक यंत्रांना १२ मेपासून ‘वॉनाक्राय’नें ग्रासलें. २७ जून रोजीं त्याच छिद्राचा व इतर वाटांचा उपयोग करणारा ‘नॉटपेट्या’ मर्स्क कंपनीच्या यंत्रांत शिरला, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या टर्मिनलचें काम ठप्प झालें. त्याच बंदराच्या प्राधिकरणाच्या पुढाकारानें डहाणू तालुक्यांत वाढवण बंदर उभारलें जात आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. न घेतलेली दुरुस्ति ही उघडी राहिलेली खिडकी होय, हें आतां डहाणूच्या किनाऱ्यासही परकें राहिलेलें नाहीं.

मोल द्यावयाचें हें खरें. पण तें कोणी द्यावयाचें? चकत्यांच्या काळीं तें कर्ता देत होता, म्हणून त्यानें तिळातिळाचा हिशेब केला. जाळें आल्यावर त्यांतला मोठा भाग घेणाऱ्याच्या माथीं गेला, आणि हिशेब सैल झाला. मनावर घेतल्यास तो पुन्हां घट्ट करतां येतो. २०२१ च्या ‘विंडोज ११’ साठीं मासिक अपडेटांचा आकार सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटविल्याचें मायक्रोसॉफ्टनेंच सांगितलें. एका संगणकानें उतरवून घेतलेला अपडेट शेजारच्या संगणकांना देण्याची सोय तर ‘विंडोज १०’ पासून आहे. शाळेच्या खोलींत दहा यंत्रें असतील तर ओझें दहादां वाहण्याचें कारण नाहीं.

मुंबईंतील माणूस रात्रीं फोन उशाशीं ठेवतो आणि सकाळीं नवी आवृत्ति आयती तयार असते. टेकाडावर फोन उंच धरून उभा असलेला माणूस ‘पुढें पाहूं’ म्हणून सूचना मिटवून टाकतो. त्याची ती हयगय नसते. त्याच्या परिस्थितीचा तो हिशेब असतो. नवी आवृत्ति बांधणाऱ्यांनीं आपल्या हिशेबांत त्यालाही धरलें पाहिजे. कारण खिडकी उघडी राहते ती त्याच्याच घराची.