सरोवराची फेरी आणि आटलेली नदी



स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा इतिहासावर लिहीन असं वाटलं नव्हतं. शाळेत माझे इतिहासातले गुण तुम्हाला ठाऊक आहेत. पुढे इंजिनिअर झाले, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण अमेरिकेतल्या एका सायकलच्या रस्त्याने मला फिरवून पुन्हा आपल्या भीमेकाठी आणून सोडलं, म्हणून लिहिते.

मी राहते ते सिएटल शहर एका बाजूला समुद्राची खाडी आणि दुसऱ्या बाजूला लेक वॉशिंग्टन या सरोवराच्या मध्ये वसलेलं आहे. या सरोवराला सायकलवरून पूर्ण फेरी मारायची तर सुमारे ८० किलोमीटर होतात. आपल्या माळरानावर डबलसीट सायकल चालवलेल्या मुलीला चढ म्हणजे काय ते इथे कळलं. उत्तरेला केनमोर सोडलं की जुआनिटाचा चढ लागतो. तिथे मी पहिल्या वर्षी उतरून सायकल हातात धरून चालले होते.

या रस्त्याचा इतिहास मोटारींपेक्षा जुना आहे. १८९०च्या दशकात इथे सायकलचं वेड आलं, तेव्हा जॉर्ज कॉटरिल या शहराच्या सहायक अभियंत्याने सायकलस्वारांना बरोबर घेऊन खास सायकलवाटा आखल्या. सरोवराकडे जाणारी वाट १८९७ मध्ये तयार झाली. डोंगराच्या अंगाने वळणं घेत, चढ सोसवेल असा ठेवत ती नेली होती. १९०३ मध्ये ओल्मस्टेड बंधूंच्या कंपनीने शहराच्या बागांचा आणि रस्त्यांचा आराखडा केला. पुढे त्या जुन्या वाटेच्या काही भागावरच इंटरलाकन बुलेव्हार्ड हा रस्ता झाला. झाडीतून जाताना आजही ती वळणं लागतात. उत्तरेकडची बर्क-गिलमन वाट तर जुन्या रेल्वेमार्गावर आहे. रूळ काढून १९७८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. कुणीतरी आधी काढलेल्या उताराचा फायदा आपण आज घेतो, याचं मला फार कौतुक वाटायचं.

मग एका फेरीत दक्षिण टोकाला रेंटन गावात पाणी प्यायला थांबले. तिथे सीडर नदी सरोवराला मिळते. उत्तरेला सॅमामिश नदी मिळते, ती आधीच ओलांडली होती. दोन्हीकडून पाणी आत येतंय, मग बाहेर कुठून जातं? पश्चिमेला विद्यापीठाजवळ कालवा आहे, पण तो माणसांनी खणलेला. त्याच्या आधी?

उत्तर मी उभी होते त्या भागातच होतं. पूर्वी सरोवराचं पाणी रेंटनजवळून ब्लॅक रिव्हर नावाच्या नदीने बाहेर पडायचं आणि पुढे दुवामिश नदीतून समुद्राला मिळायचं. सरोवरातून समुद्रापर्यंत जहाजं नेता यावीत म्हणून कालवा खणला गेला आणि ऑगस्ट १९१६ मध्ये मधला बांध उघडला. पुढच्या काही महिन्यांत सरोवराची पातळी सुमारे ९ फुटांनी उतरली. काठाला नवी जमीन उघडी पडली. आधी पुराच्या वेळी जवळजवळ बेट होणारा सेवर्ड पार्कचा भूभाग काठाला कायमचा जोडला गेला. मी दर रविवारी फिरते तो काठ असा तयार झाला. आणि ब्लॅक रिव्हर कोरडी पडली.

त्या नदीकाठी दुवामिश लोकांची वस्ती होती. त्यांच्या होड्या कोरड्या पडल्या, मासे डबक्यांत अडकले. ज्या सरदाराच्या नावावरून शहराला सिएटल म्हणतात, तो याच लोकांचा. १८६५ मध्ये नव्या शहराने पहिल्या नियमांतच मूळ रहिवाशांना शहरात राहायला बंदी घातली होती. दुवामिश जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारने अजूनही मान्यता दिलेली नाही.

हे वाचलं आणि मला आठवीची निबंध स्पर्धा आठवली. विषय होता उजनी धरण. मी पानंच्या पानं लिहिली: ऊस, वीज, विकास. पहिला नंबर आला. खोटं काही लिहिलं नव्हतं. वडिलांनी बॅकवॉटरवर मोटार बसवली, पाइपलाइन आणली, ऊस लावला. त्या उसावरच माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. पण माझ्या बाकावरची मैत्रीण अर्धं पान लिहून बसून राहिली होती. तिचं जुनं गाव त्याच पाण्याखाली होतं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, म्हणजे तिने ते गाव पाहिलेलंही नव्हतं. तिला ठाऊक होतं ते आजीकडून ऐकलेलं. मी तिला एकदाही विचारलं नाही की तुमचं घर कुठे होतं.

इथे पाणी उतरलं आणि नदी गेली. आपल्याकडे पाणी चढलं आणि गावं गेली. कालवा नको होता की धरण नको होतं, असं मी म्हणत नाही. मी दोन्हींचा फायदा घेतलेली बाई आहे. पण दोन्हीकडे मिळालेल्याचा हिशोब लिहिला गेला, गेलेल्याचा फक्त घराघरांत सांगितला गेला. इंजिनिअरला अर्धा हिशोब चालत नाही.

उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि आपण फोटो काढायला जातो. या मेळाव्यानंतर एक काम करूया. आपल्या वर्गातल्या ज्यांची गावं उठली, त्यांच्या घरी अजून कुणी जुनं गाव पाहिलेलं माणूस असेल, तर त्यांच्याकडून गावाचा नकाशा काढून घेऊया: वेस कुठे, पार कुठे, नदीवर जायची वाट कुठली. ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. कागदावरून नकाशा संगणकावर उतरवायचं काम माझं.

आणि बाकावरच्या मैत्रिणी, तू मेळाव्याला येणार आहेस असं कळलं. तुझं अर्धं पान राहिलंय. या वेळी मी ऐकायला बसते.