चाकणचे अर्ज आणि कारखान्यांचे जुने मेल-सर्व्हर

चाकणचा किल्ला म्हटलं की फिरंगोजी नरसाळा आणि १६६० सालचा शाहिस्तेखानाचा वेढा आठवतो. त्याच्या दोनशे वर्षं आधी, बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा याच्या काळात, इथेच आणखी एक प्रकरण घडलं. मलिक-उत-तुज्जार खलफ हसन हा सरदार चाकणला ठाणं करून कोकणच्या मोहिमेवर निघाला आणि शिर्क्यांनी त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, जंगलात नेऊन संपवलं. वाचलेले आफाकी, म्हणजे इराण-अरबस्तानातून आलेले लोक, चाकणला परतले. दख्खनी सरदारांनी बिदरला कळवलं, की हे फितूर झालेत. आफाकींनी आपली बाजू लिहून सुलतानाकडे अर्ज पाठवले. फेरिश्ता सांगतो, की ते अर्ज त्याच्यापर्यंत पोहोचूच दिले नाहीत. चाकणला वेढा पडला, अभय देऊन लोकांना बाहेर काढलं आणि कापून काढलं. कासिम बेग निसटला म्हणून खरं बाहेर आलं. मग सुलतानाने अर्ज दाबणाऱ्याला देहदंड दिला. मेलेले मेलेच. (दोन्हीकडचे सरदार मुसलमानच होते. आपला इतिहास फक्त हिंदू-मुसलमान अशा दोन रकान्यांत बसवणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.)

आज त्याच चाकणच्या आसपास हजारो माणसं कारखान्यांत काम करतात आणि त्यांचे अर्ज, तक्रारी, हजेऱ्या मेलमध्ये असतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, तेव्हा सगळा कारभार आवक-जावक वहीवर आणि कार्बन कॉपीवर. आकुर्डी, भोसरीतही पुढे बरीच वर्षं तसंच चाललं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांना इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर मोठ्या कारखान्यांनी एसीच्या खोलीत स्वतःचा मेल-सर्व्हर मांडला. आवक-जावक वही त्या डब्यात गेली. ठेकेदाराची हजेरी, नाकारलेला लॉट, प्रेस मशीनचा सेन्सर चालत नसल्याची सुपरवायझरची तक्रार, सगळं तिथेच.

आता हे डबे जायची वेळ आली आहे. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. मार्च २०२१ मध्ये अशाच सर्व्हरमधल्या भोकांतून जगभर चोर शिरले होते, त्यामुळे जुना डबा चालू ठेवणं हा शहाणपणा नाही. बंद करायलाच हवा. पण वायर ओढली की काम झालं, असं समजणारे आयटीवाले कमी नाहीत.

एमएक्स नोंद, म्हणजे टपालाचा पत्ता, नव्या ठिकाणी वळवली तरी जुना पत्ता लक्षात ठेवून बसलेले सर्व्हर काही काळ जुन्याच दारावर येतात. म्हणून जुना डबा आणखी काही दिवस जागा ठेवावा लागतो. शिवाय त्याच्या आधारावर मुकाट्याने जगणारे बरेच असतात: स्कॅनर, वजनकाटा, हजेरीचं यंत्र, बिलं पाठवणारी प्रणाली. हे सगळे त्याच्यामार्फत मेल पाठवतात आणि कुणाच्याच यादीत नसतात. सर्व्हरचे लॉग महिनाभर वाचले की सापडतात. मग नोकरी सोडून गेलेल्यांच्या पेट्या. जागा वाचवायला आधी त्याच उडवल्या जातात, आणि खटल्यात नेमक्या त्याच लागतात. जुन्या आउटलुकच्या पीएसटी फाइल दोन जीबीच्या पुढे गेल्या की बिघडत. अशा कितीतरी फाइल एखाद्याच्या टेबलाखालच्या संगणकात पडून असतात. त्याही गोळा करायच्या.

उचललेल्या प्रतीवर विश्वास का ठेवायचा? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. हदीस जमा करणाऱ्यांनी मजकुराआधी सनद विचारली: तू कुणाकडून ऐकलंस, त्याने कुणाकडून? मेलची सनद म्हणजे हॅश, फाइलवरून काढलेला आकडा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हा आकडा द्यावा लागतो. तो प्रत काढतानाच काढून सहीनिशी ठेवला, तर पुढे वाद कमी.

प्रत आहे, पण वाचणारा नाही, हेही होतं. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा निजामकाळच्या कागदांसाठी मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. कागद शाबूत होते, लिपी जाणणारे विरळ झाले होते. म्हणून मेल एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरला उघडेल अशा रूपात न ठेवता ईएमएलसारख्या साध्या, खुल्या रूपातही ठेवावेत. दोन प्रती, दोन जागी, त्यातली एक नेटवर्कपासून तोडलेली. आणि वर्षातून एकदा एखादा जुना मेल खरोखर उघडून पाहावा.

किती वर्षं ठेवायचं? कंपनी कायदा हिशेबाच्या वह्यांना आठ आर्थिक वर्षं सांगतो. व्यवस्थापनं तोच आकडा सगळ्याला लावून मोकळी होतात. हे मला पटत नाही. बोटं तुटलेल्या कंत्राटी कामगाराचा खटला आठ वर्षांत संपेलच असं नाही, आणि ‘सेन्सर बंद आहे’ असा मेल कंपनीकडेच असतो, त्याच्याकडे नसतो. चालू किंवा संभाव्य वादातल्या पेट्या मुदतीबाहेर ठेवायला हव्यात, आणि तशी यादी कामगार संघटनेने मागून घ्यावी.

हे सगळं झाल्यावरच डिस्क पुसायची, शक्य तर फोडायची, आणि नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडून पावती घ्यायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पाडेपर्यंत कुदळवाडीत भंगाराची गोदामं रांगेने होती. ती गेली तरी भंगाराचा धंदा कुठे ना कुठे चालूच असतो, आणि न पुसलेली डिस्क तिथे किलोच्या भावाने विकली जाते.