कानयंत्राच्या सेलचे आयुष्य

आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून पुष्कळांना वाटले असेल, की हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे. ही दुकानदाराला विचारावयाची गोष्ट आहे. परंतु आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावात जा, एक दृश्य हटकून आढळते. मुलाने आजोबांना कानयंत्र आणून दिलेले असते आणि ते यंत्र डबीत पडलेले असते. विचारावे, तर आजोबा म्हणतात, "सेल सरतो नं बाप्पा! पाव्हने आले म्हंजे लावतो." पाहुणे महिन्यातून एकदा येतात. मधले एकोणतीस दिवस घरातले बोलणे आजोबांच्या डोक्यावरून जाते. सेल वाचविण्याचा हा मार्ग जोवर रूढ आहे, तोवर या विषयाला क्षुल्लक म्हणता येणार नाही.

विजेवर चालणारी कानयंत्रे १९०० च्या सुमारास अमेरिकेत निघाली. मिलर रीस हचिसन हे त्यातले प्रमुख नाव. त्यापूर्वी बहिऱ्या माणसापाशी मुख्य साधन होते, कानाला लावावयाचे कर्णे. त्याला सेल लागत नसे आणि त्याचा उपयोगही बेताचाच होता. हचिसनच्या यंत्रात टेलिफोनसारखी कर्बाच्या कणांची पेटी होती, आणि तिला जी वीज लागे ती कोरड्या सेलमधून येई.

या कोरड्या सेलशी आपल्या विदर्भाचे नाते आहे. फ्रान्समधील जॉर्ज लक्लांशे याने १८६६ मध्ये ज्या घटाची रचना केली, त्यात एका बाजूला जस्त, मध्ये नवसागराचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला कर्बाच्या कांडीभोवती मॅंगनीज डायॉक्साइडची काळी भुकटी असे. पुढे १८८० नंतर त्यातले पाणी जाऊन लगदा आला आणि तो घट 'कोरडा' झाला. चोरबत्तीचा सेल फोडून ज्यांनी लहानपणी हात काळे केले आहेत, त्यांना ही भुकटी ठाऊक आहे. मॅंगनीजचे दगड नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून १९०० च्या आसपास निघू लागले. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला दगड तर सेलच्या कारखान्यांसाठीच नावाजला, आणि पुढे तेथे विजेच्या साहाय्याने शुद्ध मॅंगनीज डायॉक्साइड काढण्याचा कारखानाही निघाला. नागपूरहून मुंबई बंदराकडे जाणारा रेल्वेचा रस्ता वर्ध्यावरून जातो. वर्धा स्टेशनावर उभे राहून मालगाड्या पाहणाऱ्यांना मात्र त्या दगडांचा आणि बहिऱ्या माणसाचा काही संबंध असेल, असे कशाला वाटावे!

या जुन्या सेलचा एक गुण असा, की तो थकतो आणि विसावाही घेतो. सतत चालविला की लवकर मंद होतो. थोडा वेळ बाजूला ठेवला की पुन्हा उभारी धरतो. म्हणून दोन सेल आळीपाळीने वापरण्यात शहाणपण होते. त्याचप्रमाणे तो ऊब मिळाली की थोडा तरतरीत होतो. आपल्या खेड्यांतून रेडिओचे आणि चोरबत्तीचे सेल उन्हात ठेवण्याची जी रीत पडली, ती यामुळेच. तीत नवे बळ येत नाही, उरलेले तेवढे वर येते. पण संध्याकाळच्या बातम्यांपुरते ते पुरत असे.

नंतर निर्वात नळ्यांची यंत्रे प्रचारात आली, १९३० नंतरच्या दशकात. आवाज सुधारला आणि सेलचा जाच मात्र वाढला. नळीची तार तापविण्यासाठी एक बॅटरी आणि तिला दाब देण्यासाठी दुसरी, बावीस व्होल्टपासून पंचेचाळीस व्होल्टपर्यंतची. माणूस कमरेला ओझे बांधून हिंडे, आणि तार तापविणारी बॅटरी फार थोडे दिवस टिके. या जाचातून सुटका केली ती ट्रान्झिस्टरने. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो तयार झाला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः बहिऱ्यांचा शिक्षक. त्याच्या स्मरणार्थ कंपनीने कानयंत्रासाठी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्यांना स्वामित्वधन माफ केले. सोनोटोन कंपनीने १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचे पहिले कानयंत्र विकावयास काढले. त्यातही दोन नळ्या शिल्लक होत्याच! वर्षभरात त्या गेल्या, तापवावयाची तार गेली, आणि एका लहानशा सेलवर काम भागू लागले. आपण ज्याला ट्रान्झिस्टर म्हणून हाक मारतो त्या रेडिओच्याही आधी ही वस्तू बहिऱ्याच्या खिशात पोचली.

खिशातले हे यंत्र आपल्याकडे दीर्घकाळ राहिले. केंद्र सरकारच्या १९८१ च्या साहाय्य योजनेतून वाटलेल्या यंत्रांतही त्याचेच प्रमाण मोठे होते. त्याला शहरी माणूस नाक मुरडतो. मला ते कमी वाटत नाही. त्याचा पेन्सिल सेल आर्वीला मिळतो, समुद्रपूरला मिळतो, किराण्याच्या दुकानातही मिळतो, आणि म्हाताऱ्या बोटांना तो बदलता येतो.

कानामागे बसणाऱ्या यंत्राचा सेल वेगळा. प्रथम तो पाऱ्याचा होता. सॅम्युएल रूबेनने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी केलेला. पारा विषारी, म्हणून तो पुढे मागे पडला, आणि १९७० नंतरच्या दशकात जस्त-हवेचा सेल आला. यात जस्त आत असते आणि दुसऱ्या बाजूचे काम हवेतला प्राणवायू करतो. ती जागा वाचल्यामुळे जस्त अधिक भरता येते. एवढ्याशा गोळीत इतके बळ असते ते यामुळे. हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर रंगीत चिकटपट्टी. ती काढली की सेल जागा होतो, मग यंत्र चालो वा न चालो. पट्टी पुन्हा चिकटवून त्याला निजविता येत नाही.

आता वर्ध्याचा उन्हाळा आठवा. पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, दुपारची हवा कोरडीठाक. ज्या छिद्रांतून प्राणवायू आत जातो, त्यांतूनच सेलमधला ओलावा बाहेर जातो. श्रावणात उलट, बाहेरची दमट हवा आत शिरते. म्हणजे आजोबांनी यंत्र बंद करून डबीत ठेवले, तरी पट्टी काढलेला सेल तिथे आपोआप मरत असतोच. जो सेल वाचविण्यासाठी ते महिनाभर मुके बसले, तो पाहुणे येण्यापूर्वीच गेलेला असतो! आणि मेलासा वाटला म्हणून चोरबत्तीच्या रिवाजाने तो उन्हात ठेवला, तर उरलेला ओलावाही जातो. एका पिढीचे शहाणपण दुसऱ्या पिढीच्या सेलला असे बाधते.

तेव्हा त्याची निगा निराळी. पट्टी काढल्यावर सेल चार-पाच मिनिटे हवेत ठेवून मग यंत्रात घालावा, म्हणजे दाब पुरता चढतो. रात्री यंत्राचे दार उघडे ठेवावे. यंत्र बंद राहते आणि घामाचा ओलावा उडतो. शिल्लक सेल पट्टीसकट सावलीत ठेवावेत, शीतकपाटात नव्हे, आणि नाणी-किल्ल्यांबरोबर खिशात तर नाहीच. लहान मुलांपासून मात्र दूर, गिळला तर तो घातक ठरतो. घेताना पाकिटावरची तारीख पाहावी. इतके करूनही पिवळ्या पट्टीचा सर्वांत लहान सेल आठवडाभरच चालतो आणि निळ्या पट्टीचा मोठा दोन आठवडे किंवा थोडा अधिक. यंत्र निवडताना ते किती लहान दिसते हेच पाहणाऱ्यांनी हा हिशेब दुकानातच विचारून घ्यावा. आणि पट्टी एकदा काढली की यंत्र दिवसभर खुशाल कानाला ठेवावे.

विनोबांना उतारवयात ऐकू कमी येई. पवनारला भेटीस येणारे आपले म्हणणे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवीत आणि ते वाचून बोलत. तेथे लिहिणारे पुष्कळ होते. घरच्या आजोबांसाठी कागद-पेन्सिल घेऊन कोण बसणार? अलीकडे, २०१६ च्या सुमारापासून, रोज रात्री वीज भरावयाची यंत्रे प्रचारात आली आहेत. त्यांना सेल बदलावा लागत नाही. मात्र रात्री वीज गेली, की सकाळी यंत्र मुके.