मेंदूच्या खोल भागाचा नकाशा : तुरीच्या दाण्याएवढे केंद्र स्कॅनमध्ये सापडते कसे?

नाशिकच्या गंगापूर रोडवर दवाखाने आणि तपासणी केंद्रे बरीच आहेत. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडचे रुग्णही मेंदूच्या एमआरआयसाठी शहरात येतात. हात थरथरतो, चाल मंदावली आहे, डॉक्टरांना कंपवाताची म्हणजे पार्किन्सनची शंका आहे. रिपोर्टमध्ये मात्र ‘विशेष दोष आढळला नाही’ असे लिहिलेले असते. घरचे गोंधळतात. आजार नाही, की मशीनला दिसला नाही? पुढे काही वर्षांनी शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तर एमआरआय पुन्हा का काढायला सांगतात? दोन्ही प्रश्नांचे उत्तर मेंदूच्या खोल भागात आहे.

खोल भागात नेमके काय असते?

चित्रात दिसणारा सुरकुत्यांचा मेंदू हा वरचा थर. त्याच्या आत, अगदी मध्याजवळ, पेशींचे लहान-मोठे पुंजके असतात. थॅलॅमस, बेसल गँग्लिया, स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस ही त्यांतली ओळखीची नावे. यांतलाच एक पुंजका म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लियस. मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक असतो. आकार भिंगासारखा, लांबी जेमतेम ६ ते १० मिलिमीटर, आकारमान साधारण तुरीच्या दाण्याएवढे. हालचालींवर नियंत्रण ठेवण्याच्या साखळीत त्याचा मोठा वाटा आहे. त्याच्या खाली ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ हा गडद पट्टा असतो. तिथल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरू लागल्या की कंपवात होतो.

मग नेहमीच्या एमआरआयमध्ये आजार का दिसत नाही?

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, एकेक पेशी नव्हे. कंपवातात सुरुवातीला पेशी कमी होतात, पण रचना साधारण तशीच राहते. नेहमीचा एमआरआय मुख्यतः दुसरी कारणे वगळण्यासाठी असतो : गाठ, जुना पक्षाघात, मेंदूत साठलेले पाणी. त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून कंपवात नाही, असे म्हणता येत नाही. निदान आजही प्रामुख्याने न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीवर ठरते.

दुसरी अडचण जाडीची. नेहमीच्या तपासणीत मेंदूचे ४ ते ५ मिलिमीटर जाडीचे काप घेतले जातात. तुरीच्या दाण्याएवढी गोष्ट अशा एक-दोन कापांतच संपते. नकाशासाठी सुमारे १ मिलिमीटर जाडीचे, मध्ये जागा न सोडता घेतलेले काप लागतात. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी वेगळा, जास्त वेळ चालणारा एमआरआय काढावा लागतो. १.५ टेस्लाच्या मशीनपेक्षा ३ टेस्लाच्या मशीनवर चित्र सहसा अधिक स्पष्ट येते. या केंद्रांमध्ये लोह जास्त असल्याने काही प्रकारच्या चित्रणात ती काळपट दिसतात. पण खालचा नायग्राही काळपटच, त्यामुळे दोघांमधली सीमा पुसट राहते.

सीमा पुसट असेल तर जागा ठरवतात कशी?

गंगापूर रोडवर पाटी नसलेले घर शोधायचे असेल, तर आपण ओळखीच्या खुणेपासून सुरुवात करतो : अशोक स्तंभापासून अमुक अंतर पुढे, मग डावीकडे. मेंदूतही तसेच करतात. मेंदूचे दोन अर्धे जोडणारे दोन बारीक दुवे, एक पुढचा आणि एक मागचा, एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतात. त्यांच्यातले अंतर सुमारे अडीच सेंटिमीटर असते. या रेषेच्या मध्यबिंदूपासून सुमारे १२ मिलिमीटर बाजूला, ३ ते ४ मिलिमीटर मागे आणि ४ ते ५ मिलिमीटर खाली गेले की सबथॅलॅमिक न्यूक्लियसचा परिसर येतो.

हे अंतर सरासरी आहे. म्हणून ते रुग्णाच्या स्वतःच्या चित्राशी ताडून पाहतात. संगणक आधी तयार असलेला नकाशा रुग्णाच्या मेंदूवर ताणून-दाबून बसवतो आणि प्रत्येक भागाची सीमा आखतो. हिप्पोकॅम्पससारख्या भागाचे आकारमान मोजण्यासाठीही अशीच सॉफ्टवेअर वापरतात. पूर्वी हे काम तज्ज्ञांना एकेका कापावर हाताने करावे लागे.

पण तो तयार नकाशा कोणाच्या मेंदूचा?

१९८८ मध्ये तालैराख आणि तूर्नू यांनी प्रसिद्ध केलेला, जगभर वापरला गेलेला नकाशा मुख्यतः एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूवर आधारलेला होता. नंतर कॅनडातील माँट्रियल येथे १५२ जणांच्या एमआरआयवरून सरासरी नकाशा तयार झाला. भारतीयांसाठी हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी २०१९ मध्ये १०० तरुण-तरुणींच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा मांडला. पाश्चात्त्य, चिनी आणि कोरियन नकाशांच्या तुलनेत त्यात मेंदूची रुंदी, उंची आणि आकारमान सरासरीने कमी आढळले. याचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. अंतरे मोजण्याशी मात्र आहे.

कंपवाताचे रुग्ण बहुतेक वयस्क असतात. वयानुसार मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या रुंदावतात आणि शेजारची केंद्रे थोडी बाहेर सरकतात. म्हणून नकाशा कोणताही घेतला, तरी शेवटचा शब्द रुग्णाच्या स्वतःच्या स्कॅनचाच असतो.

दोन मिलिमीटर चुकले तर काय होते?

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून सौम्य वीजप्रवाह देण्याची पद्धत, फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेनाबिड यांच्या गटाने १९८७ पासून विकसित केली. १९९३ मध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियसवर ती प्रथम वापरली गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात न्यूरोसर्जन डॉ. परेश दोशी यांनी या शस्त्रक्रिया सुरू केल्या.

तारेची जाडी असते सव्वा मिलिमीटरच्या आसपास. ती जरा बाहेरच्या बाजूला गेली, तर स्नायू आखडतात, बोलणे अडखळते. मागे गेली तर अंगाला मुंग्या येतात, आतल्या बाजूला गेली तर डोळ्यांच्या हालचालीवर परिणाम होऊ शकतो. त्यातच कवटीला छिद्र पाडल्यावर थोडे द्रव बाहेर येऊन मेंदू किंचित सरकतो. म्हणून अनेक ठिकाणी रुग्णाला जागे ठेवून पेशींचे विद्युत संकेत ऐकतात, हात हलवायला सांगतात, बोलायला लावतात. नंतर सीटी स्कॅन आधीच्या एमआरआयवर बसवून तार नेमकी कुठे आहे हे तपासतात.

रुग्णाच्या घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

- फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून नकाशा काढता येत नाही. त्यासाठी सीडी किंवा पेन ड्राइव्हवरचा मूळ डेटा लागतो. तपासणी केंद्राकडून तो मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.
- डॉक्टरांची चिठ्ठी केंद्रावर दाखवावी. कशाची शंका आहे हे कळले, तर त्याप्रमाणे चित्रण करता येते.
- शरीरात पेसमेकर किंवा धातूचा भाग असेल, तर आधीच सांगावे.
- ‘नॉर्मल’ रिपोर्ट पाहून औषधे स्वतःहून बंद करू नयेत.
- या शस्त्रक्रियेने लक्षणे आटोक्यात येतात, आजार मुळापासून जात नाही. ती कोणाला उपयोगी पडेल हे एकट्या स्कॅनवरून ठरत नाही. वय, स्मरणशक्ती आणि औषधांना मिळणारा प्रतिसादही पाहिला जातो.